एकाच किल्लीचं कुलूप

१६ मार्च

ती. काका,

नमस्कार. मी बरी आहे. खोलीतला गळका नळ अखेर घरमालकाने दुरुस्त केला, म्हणजे मी केला आणि त्याने वॉशर आणून दिला. आईने पाठवलेली चादर मिळाली. तुमच्या डाव्या गुडघ्याची सूज उतरली का? डॉक्टरांनी व्यायाम पंधरा वेळा सांगितलाय. तुम्ही दहादा करून पंधरा मोजता, हे मला ठाऊक आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "ऐकू येत नाही गं" म्हणता आणि आईच्या हातात देता. शिवाय तोंडी तक्रार ही तक्रारच नसते, कागदावर आण, हे तुमचंच वाक्य. अर्थात ही तक्रार नाही. एक शंका आहे.

आज आमच्या ऑफिसात एक वकीलबाई आल्या होत्या. पाचव्या मजल्यावरच्या डिंक्याचं प्रकरण त्यांच्याकडे आहे. त्यांना तीन फेब्रुवारीचं माझं कामाचं कार्ड हवं होतं, कारण त्या दुपारी आपल्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीला माझ्याकडे होती. सुपरवायझरने प्रत दिली. त्यांनी मला पंचनाम्याची प्रत वाचायला दिली.

गैरसमज नको म्हणून आधीच लिहिते. डिंक्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. सहा वर्षं तो लिफ्टच्या आरशावर हाताने लिहिलेले कागद चिकटवतोय आणि सहा वर्षं मी ते पत्र्याच्या पट्टीने खरवडतेय. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं वजन, मास्तरांच्या मुलाचे मार्क, कोणाची सून का रुसून गेली. त्याने कोणाला सोडलं नाही. आपल्यालाही नाही. त्याला घराबाहेर काढा अशा अर्जावर सगळ्या इमारतीच्या सह्या आहेत. माझीही आहे. मग जानेवारीच्या शेवटी त्याने चौकीच्या साहेबांवर कागद लावला: कोणत्या दुकानातून दर शनिवारी काय उचललं जातं, तारखांसकट. "ह्या खेपेला गाढवाने खरं लिहिलंय," असं तुम्हीच मला म्हणालात. आठवड्याच्या आत त्याच्या घराची झडती झाली.

पंचनाम्यात लिहिलंय की दुपारी साडेतीन ते सव्वाचार, पाचव्या मजल्यावरच्या खोलीत, दोन पंचांच्या डोळ्यांदेखत, गादीखालून नशेच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. खाली दोन सह्या. एक कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची. चौकीच्या बहुतेक झडत्यांना तो हजर असतो, असं वकीलबाई म्हणाल्या. दुसरी सही तुमची. शेवटची रेघ नेहमीसारखी दाबून ओढलेली, वजनावर शिक्का मारल्यासारखी.

माझी शंका एवढीच. मी वर मशीन रूममध्ये मुख्य स्विच बंद करून त्यावर माझं कुलूप घातलं ते तीन वाजून पाच मिनिटांनी. काढलं पाच चाळीसला. मधल्या वेळात लिफ्ट हलणं शक्य नव्हतं. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांत तुम्ही जिन्याची तिसरी पायरी चढलेली नाही. मग तुम्ही पाचव्या मजल्यावर पोचलात कसे?

कोणी उचलून नेलं असेल तर तसं लिहा. मी मान्य करीन.

आरोप शाबित झाला तर दहा वर्षं, असं वकीलबाई म्हणतात. तो छप्पन्न वर्षांचा आहे.

तुम्ही स्वतः त्यांना भेटून "मी वर नव्हतो" एवढं सांगितलंत, तर पुढे कोणालाच काही बोलावं लागणार नाही. मलाही नाही.

गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटांच्या वर ठेवू नका, कातडी भाजते.

तुमची,
मोजपट्टी


२ एप्रिल

काका,

तुमचं उत्तर मिळालं. दोन ओळी. "लिफ्टचं तू बघ. माणसांचं मी बघतो." अक्षर नेहमीसारखं देखणं.

चार दिवसांनी तुमचा पुरवणी जबाबही वाचायला मिळाला. त्यात तुम्ही म्हणता की लिफ्ट साडेतीनच्या आधीच चालू झाली होती आणि तुम्ही तिनेच वर गेलात. इथवर ठीक. माणसाची वेळेत गफलत होते. पुढचं वाक्य मी तीन वेळा वाचलं. "माझी पुतणी कार्ड मागाहून, अंदाजाने भरते. ते कुलूप नुसतं दाखवण्यापुरतं असतं, किल्ली कोणाकडेही असते."

नोकरी लागली त्या दिवशी ते तांबडं कुलूप मला कोणी आणून दिलं होतं? दोन किल्ल्या होत्या. एक तुम्ही माझ्यासमोर रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतून खाली सोडलीत. मी म्हटलं, "काका, हरवली तर?" तुम्ही म्हणालात, "हरवली तर कुलूप तोडतील, नवं घेऊ. पण ज्याचा जीव खाली, किल्ली त्याच्याच खिशात. दुसरी किल्ली म्हणजे दुसऱ्याची दया." आमच्या कंपनीत नव्या मुलांना मी हे वाक्य शिकवते. तुमचं नाव सांगून.

जबाबावर तारीख सत्तावीस मार्चची आहे. म्हणजे माझं पत्र वाचल्यावर तुम्ही तो दिलात. मी तुम्हाला एकटीने, घरच्या घरी विचारलं होतं. त्या प्रश्नाला कुठे भोक पाडायचं, हे तुम्ही माझ्याच पत्रातून शोधलंत.

सुपरवायझरने मला बोलावलं. म्हणाले, "हे खरं असेल तर तुझा परवाना जाईल. खोटं असेल तर तुझा काका जाईल. दोन्हीकडून मला नवा माणूस शोधायचाय." विनोद होता. मी हसले नाही म्हणून ते वरमले. चौकशी संपेपर्यंत मी गोदामात सुटे भाग मोजते. आज दाराच्या रोलरची मोजणी झाली. चारशे बारा.

आईचा फोन येऊन गेला. "अगं बाई, तुला पगार लिफ्टचा मिळतो की न्यायाचा?" मी म्हटलं, सध्या रोलर मोजण्याचा. त्यावर ती भडकली. "त्या मेल्याने माझ्याबद्दल काय लिहिलं होतं, विसरलीस?" विसरले नाही. पण त्या कागदाचं नाव आमच्यात पहिल्यांदाच निघालं. मग हळूच म्हणाली, "ते सगळं तुझ्यासाठीच करतायत. लग्नाची मुलगी तू."

माझ्यासाठी मला खोटारडी ठरवलंत. असो.

काका, तुम्ही तीस वर्षं बाजारातली वजनमापं तपासलीत. बाबा गेल्यानंतरचं ते वर्ष आठवतं? शनिवारी शाळा सुटली की "चल, मोजपट्टी" म्हणून मला बरोबर न्यायचात. एका वाण्याने पारड्याच्या खाली मेण थापलं होतं. त्याच्याकडे धान्य घेणारी बाई इतकी कजाग, की सगळी गल्ली तिच्यापुढे जायला घाबरायची. तुम्ही मेण खरवडून दाखवलंत तेव्हा वाणी हसत म्हणाला, "साहेब, हिला चार दाणे कमी गेले तर कोणाला वाईट वाटणार आहे?" आजूबाजूचे लोकही हसले. तुम्ही हसला नाहीत. काटा जप्त केलात, आणि म्हणालात, "काट्याने गिऱ्हाइकाचा स्वभाव बघायचा नसतो." घरी येताना मला सांगितलंत, "शिक्का हातात आहे म्हणून मारायचा नाही. काटा थांबला की मारायचा."

मी नऊ वर्षांची होते. मी ते खरं मानलं. अजून मानते, हीच अडचण आहे.

वकीलबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. खाली यंत्र चालू झालं की त्यांचं टेबल थरथरतं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "तुमचे आणि आरोपीचे संबंध कसे?"

"वाईट."

"किती वाईट?"

"त्याला हाकलायच्या अर्जावर माझी सही आहे."

"छान," त्या म्हणाल्या. "चांगले असते तर कोर्टाने तुमच्यावर विश्वास ठेवला नसता."

मी विचारलं, असल्या माणसासाठी तुम्ही कशाला उभ्या राहता? त्या कागदांवरून मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्यांना आवडला असता तर त्याला माझी गरजच पडली नसती."

मी त्यांना अजून होकार दिलेला नाही. तुम्ही जबाब मागे घेऊ शकता. त्यासाठी अर्ज कसा करायचा, याचा कागद सोबत जोडला आहे. तीन ठिकाणी खुणा केल्या आहेत. चष्मा लावून वाचा.

परवानाधारक लिफ्ट तंत्रज्ञ,
सध्या गोदामात


२१ एप्रिल

काका,

उद्या सकाळी अकराला माझी साक्ष आहे. हे पत्र मी आज संध्याकाळी स्वतः आणून तुमच्या दाराखालून आत सरकवणार आहे. दार वाजवणार नाही.

तुम्हाला वाटत असेल, मी कार्डाबद्दल बोलणार. कार्डाचं तुम्ही काम तमाम केलंत. सख्खा काका म्हणतो की पोरगी अंदाजाने लिहिते, तर परका कशाला विश्वास ठेवील? लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये स्विच बंद-चालू झाल्याची नोंद होते, पण त्यात सगळ्या प्रकारच्या मिळून शेवटच्या दोनशेच नोंदी राहतात. आपल्या इमारतीत दोन आठवड्यांत जुन्यावर नवं चढतं. फेब्रुवारीतच कोणी बघितलं असतं तर यंत्राने साक्ष दिली असती. फेब्रुवारीत कोणी बघितलं नाही. म्हणजे, बघू शकणारी मी एकटी होते.

आता जे लिहिते ते आधीच्या दोन पत्रांत लिहिलं नाही. मी तुम्हाला "कसे पोचलात?" असं विचारलं होतं. तो प्रश्न खरा नव्हता. उत्तर मला ठाऊक होतं.

त्या दुपारी तुम्ही मला जिन्याने वर मशीन रूमकडे जाताना पाहिलंत. मी स्विचला कुलूप घालून खाली आले तेव्हा लॉबीतली तुमची खुर्ची रिकामी होती, तुम्ही आत चहाला गेला होतात. मी तळमजल्यावरचं लिफ्टचं दार उघडलं, शिडीने खड्ड्यात उतरले आणि माझ्या मागे दार चार बोटं फट ठेवून लोटलं. खड्डा फरशीच्या खाली दीड मीटर आहे. मी सरळ उभी राहिले की माझे डोळे बरोबर लॉबीच्या फरशीला लागतात.

थोड्या वेळाने तुम्ही परत येऊन बसलात. मला तुमच्या चपला दिसत होत्या. पहारेकऱ्याच्या टेबलाचे पाय. मग जिन्यावरून तीन जोड्या पोलिसी बूट उतरले, आणि मध्ये एक जोडी अनवाणी पाय.

"काका, जरा सही लागेल."

"कसली?"

"पंच म्हणून. वरच्या झडतीची."

"मी वर कुठे होतो? लिफ्ट बंद आहे, पोरगी काम करतेय."

"मग गुडघ्यांना कशाला त्रास? बसल्या जागी करा."

"सापडलं काय?"

"वाचा की, सगळं लिहिलंय."

"चष्मा आत राहिलाय."

"सही तर बिनचष्म्याची येते ना?"

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी हसलं, आणि ते तुम्ही होता. तुमचं हसू मी ओळखते, शेवटी खोकल्यासारखं होतं.

मग डिंक्या तुमच्यावर ओरडला. "अहो इन्स्पेक्टर, तुम्ही वर आलाच नाहीत! सांगा की ह्यांना! अहो, काट्याची तरी लाज धरा!" त्याचा एक पाय पुढे आला, आणि लगेच कोणीतरी तो मागे खेचला.

पेनचं टोपण टेबलावर ठेवल्याचा आवाज मी ऐकला. पुन्हा लावल्याचाही. मग तुम्ही म्हणालात, "सुंठीवाचून खोकला गेला." तेव्हा माझ्या घड्याळात तीन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. कागदावरची झडती अजून तेवीस मिनिटं चालायची होती.

शिडीला पाच पायऱ्या आहेत, काका. मी एकही चढले नाही. उलट मी खाली वाकले, दाराच्या फटीतून दिसू नये म्हणून. हातातला पाना मी इतका हळू खाली ठेवला, की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. कुठलंही काम मी त्याहून काळजीपूर्वक केलेलं नाही.

का, ते तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबरातला कागद. मी सकाळी सहाला येऊन, बाकी कोणी खाली उतरायच्या आत तो खरवडला होता. तरी तोवर तो आपण तिघांनी वाचला होता, आणि तिघेही वाचलाच नाही असं वागलो. "तळमजला आणि दुसरा मजला यांची चूल एक, मग दारांवर पाट्या दोन कशाला?" तुमची पाटी तळमजल्यावर, आईची दुसऱ्यावर. घाणेरडा माणूस, पण वाक्य बेतशीर.

ते खरं की खोटं, मी विचारलं नाही. विचारणारही नाही. तो तुमचा आणि आईचा प्रश्न आहे. एवढंच लिहिते की ते खरं असतं आणि तुम्ही मला सांगितलं असतं, तर मला राग आला नसता. बरं वाटलं असतं. मी आठ वर्षांची असल्यापासून शाळेच्या प्रत्येक कागदावर पालक म्हणून तुमचीच सही आहे. त्या सह्या तुम्ही वाचून केल्या होत्या. गणिताच्या पेपरावर सही करताना तर तुम्ही बाईंची बेरीज तपासायचात.

म्हणून त्या खड्ड्यात मला वाटलं, जाऊ दे, नेऊ दे त्याला. एकेचाळीस दिवस मी असंच म्हणत राहिले. वकीलबाई आल्या नसत्या तर बेचाळिसाव्या दिवशीही म्हटलं असतं. हे मी उद्या कोर्टात सांगणार आहे, कोणी विचारो न विचारो. सरकारी वकील मला विचारील, "इतके दिवस गप्प का होतात?" मी सांगेन, "कारण मलाही तो नको होता." वकीलबाई म्हणाल्या, हे उत्तर ऐकायला वाईट आहे पण टिकाऊ आहे.

तेव्हा त्या माणसापुरते आपण दोघेही सारखेच दोषी. तुम्ही सही करून, मी गप्प बसून. पण पुढचा हिशेब वेगळा आहे. मी गप्प बसले ते त्याच्या वाइटावर. तुम्ही बोललात ते माझ्या. साहेबांना घाबरून बोलला असतात तर मी समजून घेतलं असतं. पण तुम्हाला कोणी घाबरवलं नव्हतं. आपली एक सही खोटी ठरू नये, म्हणून तुम्ही माझी सगळी कार्डं खोटी ठरवलीत. सहा वर्षांची. त्यातल्या प्रत्येक लिफ्टमधून माणसं खाली-वर जातात.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, आई म्हणते. गप्प बसायला सांगते. पण साहेबांना आता कळलंय की आपल्या इमारतीत सही बसल्या जागी मिळते. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. ही म्हणसुद्धा मी तुमच्याकडूनच शिकले, त्या वाण्याच्या दुकानातून परत येताना.

मी साक्ष देणार हे वकीलबाईंनी तुरुंगात जाऊन डिंक्याला सांगितलं. मला वाटलं होतं, निदान बरं म्हणेल. त्याने निरोप पाठवला, "तिला म्हणावं, पाचव्या मजल्याचं बटण दोनदा दाबावं लागतं. सुटलो की पहिला कागद तिच्या कामावर." वकीलबाई हे सांगताना स्वतःच हसल्या. मीही हसले, महिन्याभरात पहिल्यांदा. बटणाचं त्याचं बरोबर असणार.

तांबडं कुलूप उद्या कोर्टात जमा होईल. बरोबर किल्ली एकच. दुसरी कुठे आहे ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे, आणि मला विचारलं तर मी तेही सांगेन.

प्रश्न काय असतील ते वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. पहिलाच असा आहे: "पंच तुमचे कोण लागतात?" सरावाच्या वेळी मी त्यावर अडले. त्या म्हणाल्या, "अहो, हा तर सगळ्यांत सोपा." मी कागदावर "काका" लिहिलं, मग खोडलं. आता ठरलंय. मी म्हणेन, "ज्यांनी मला वाढवलं ते." तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कोर्टाची खोली तळमजल्यावर आहे. फाटकापासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत एकही पायरी नाही. मी काल जाऊन पाहून आले. अकरापर्यंत वेळ आहे.

पाहिलं तेवढ्यालाच सही करणारी,
मोजपट्टी